कलिंगडवाल्याचे पुनर्लेखन : हर्बी हॅनकॉक आणि प्रकारांतराचा प्रश्न

एकाच रचनेच्या दोन ध्वनिमुद्रणांपासून प्रस्तुत विवेचनाला आरंभ करावयाचा आहे. पहिले ध्वनिमुद्रण १९६२ चे. शिकागोहून न्यूयॉर्कला येऊन फार काळ न लोटलेल्या बावीस वर्षांच्या हर्बी हॅनकॉक या जॅझ पियानोवादकाची 'टेकिन ऑफ' ही स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका ब्लू नोट या कंपनीने काढली. तिच्यातली पहिलीच रचना 'वॉटरमेलन मॅन', म्हणजे कलिंगडवाला. दुसरे ध्वनिमुद्रण १९७३ चे, कोलंबिया कंपनीच्या 'हेड हंटर्स' या ध्वनिमुद्रिकेवरचे. नाव तेच, रचनाकार तोच, आणि कान देऊन ऐकल्यास मूळ चालही तीच. पण पहिल्या मुद्रणात पियानो, ट्रम्पेट, टेनर सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स ही त्या काळच्या जॅझ-पंचकाची रूढ वाद्ये आहेत. दुसऱ्यात आरंभी रिकाम्या बाटलीत मारलेली फुंकर आणि मानवी कंठाचे तुटक स्वर एकमेकांत गुंतत राहतात. मग एकेक करून विद्युत-बास, ड्रम्स, क्लॅव्हिनेट त्यांत मिसळतात. आणि मूळ चाल येते ती बऱ्याच उशिरा, संथपणे, जणू कुणी आठवून आठवून सांगावी तशी.

रूपांतर आणि आंतरसंहितात्मकता हे घटक शिकविताना पदव्युत्तर वर्गात ही दोन्ही मुद्रणे मी लागोपाठ ऐकवीत आलो आहे. ही एकच रचना आहे हे सांगितल्याखेरीज बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सांगितल्यानंतर एका विद्यार्थिनीने विचारले होते : मग 'तीच' म्हणजे नेमके काय उरते? हा प्रश्न मला हॅनकॉकविषयीच्या बऱ्याचशा टीकालेखनापेक्षा अधिक मूलगामी वाटतो. कारण त्या लेखनाला 'तीच' कशात आहे यापेक्षा 'ती आता कोणत्या प्रकारात मोडते' याची चिंता अधिक आहे.

जॅझचा पियानोवादक फंक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळला, या घटनेच्या दोन कथा प्रचलित आहेत. पहिली पतनाची. साठच्या दशकात माइल्स डेव्हिसच्या पंचकात राहून ज्याने जॅझच्या स्वरसंवादाला नवी परिमाणे दिली, तो सत्तरच्या दशकात बाजाराला शरण गेला, अशी ती कथा. माइल्स डेव्हिसच्या विद्युत-संगीतावर स्टॅन्ली क्राउच या समीक्षकाने १९९० मध्ये जो प्रखर हल्ला चढविला, त्याच्या मुळाशी हीच कथा आहे. दुसरी कथा प्रगतीची. तंत्रज्ञान बदलले, काळ बदलला, कलावंत पुढे गेला, आणि जे मागे राहिले ते परंपरानिष्ठ. दोन्ही कथा एकमेकींच्या शत्रू असल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : संगीतप्रकार म्हणजे भिंती असलेले घर, आणि कलावंत एका घरातून उठून दुसऱ्यात राहावयास जातो. भांडण आहे ते घर सोडले हे बरे की वाईट एवढ्यापुरते.

स्कॉट डीव्हो या संगीतेतिहासकाराने १९९१ मध्ये जॅझ परंपरेच्या रचितपणाविषयी लिहिलेला निबंध आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तो प्रसिद्ध झाला तो संगीताच्या नव्हे, तर कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याच्या नियतकालिकात, ही गोष्टही सूचक म्हणावी लागेल. न्यू ऑर्लिन्सपासून स्विंग, बीबॉप आणि पुढे अशी जी एकसंध वंशावळ जॅझच्या पाठ्यपुस्तकांत मांडली जाते, ती नंतर रचलेली कथा आहे, आणि व्यापाराशी विरोध हा तिचा एक आधारस्तंभ आहे, असे त्याचे प्रतिपादन. सत्तरच्या दशकातील फ्यूजन या वंशावळीत बसत नाही. म्हणून ते अनौरस ठरते. मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया परकी वाटू नये. 'प्रवाह' हे रूपक आपणही असेच वापरतो, आणि प्रवाहाबाहेरचे जे काही उरते त्याला 'रंजनपर' या नावाखाली एका परिच्छेदात निकालात काढतो.

हॅनकॉकचा आरंभ तरी कोणत्या एका घरात झाला? १२ एप्रिल १९४० रोजी शिकागोत जन्मलेल्या या मुलाने वयाच्या अकराव्या वर्षी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रासमवेत मोझार्टच्या एका पियानो कॉन्चेर्टोचा पहिला भाग वाजविला होता. आयोवातील ग्रिनेल कॉलेजात तो गेला तो विद्युत-अभियांत्रिकी शिकावयास. संगीताकडे वळला तो नंतर. युरोपीय अभिजात संगीत, शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीतील ऱ्हिदम अँड ब्लूज, आणि यंत्राचे पोट उघडून पाहण्याची ओढ या तिन्ही गोष्टी जॅझच्या आधीपासून होत्या. १९७३ मध्ये काही तरी बाहेरून येऊन शुद्ध द्रव्यात मिसळले, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

आणि 'वॉटरमेलन मॅन'चा पहिला अवतार तरी कितपत 'शुद्ध' होता? ब्लूजच्या बारा खंडांच्या साच्याला सोळा खंडांपर्यंत ताणून केलेली, चर्चच्या गायनाचा वास असलेली ती चाल लोकप्रिय व्हावी अशाच बेताने रचली गेली होती, हे हॅनकॉकने लपविलेले नाही. शिकागोच्या गल्ल्यांतून दगडी फरशीवर खडखडत जाणारी कलिंगडवाल्याची गाडी, आणि घराघरांतून त्याला हाका मारणाऱ्या बायका, या बालपणीच्या स्मृतीतून तिची लय निघाली. परंतु कलिंगड हे अमेरिकेतील वंशद्वेषी व्यंगचित्रांत कृष्णवर्णीयांच्या चेष्टेचे ठरीव चिन्ह होते. हे नाव द्यावे की नाही याविषयी हॅनकॉक साशंक होता. आणि तरीही त्याने ते दिले. चेष्टेसाठी वापरलेला शब्द स्वतःच्या अनुभवाच्या बळावर परत मिळविण्याची ही कृती दलित साहित्याच्या वाचकाला ओळखीची वाटेल. १९६३ मध्ये माँगो सांतामारिया या क्यूबन तालवादकाने हीच चाल वाजविली आणि ती अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दहाव्या स्थानापर्यंत गेली. ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्ड याच्या सल्ल्यावरून हॅनकॉकने रचनेचे प्रकाशनाधिकार ब्लू नोटच्या हवाली न करता स्वतःकडे राखले होते. त्या निर्णयाला पुढच्या इतिहासात मोठे स्थान आहे.

माइल्स डेव्हिसच्या पंचकातील १९६३ ते १९६८ ही वर्षे सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांचे मोठेपण सर्वमान्य आहे, म्हणून त्यांवर रेंगाळत नाही. मात्र त्या काळातला एक प्रसंग, हॅनकॉकने स्वतः अनेकदा सांगितलेला, येथे घेणे आवश्यक आहे. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे मैफल चालू असता ऐन बहरात हॅनकॉकने सर्वथा चुकीची कॉर्ड वाजविली. माइल्सने क्षणभर श्वास घेतला आणि असे काही स्वर वाजविले की ती कॉर्ड बरोबर ठरली. या गोष्टीतून सहिष्णुतेचा बोध काढला जातो. मला तीत इतिहासलेखनाचा एक सिद्धान्त दिसतो. स्वर चूक की बरोबर हे त्या स्वरात नसते. त्याच्यानंतर काय आले यावर ते ठरते. एलियटने १९१९ च्या परंपराविषयक निबंधात नव्या कृतीमुळे आधीच्या कृतींची मांडणी बदलते असे म्हटले, त्याची ही वाद्यावरची आवृत्ती म्हणता येईल. १९७३ चा कलिंगडवाला १९६२ च्या कलिंगडवाल्याला काय करतो, हे पाहावयाचे आहे ते या अर्थाने.

त्याआधी मधली एक पायरी आहे आणि पतनाची कथा सांगणारे ती बहुधा गाळतात. १९६८ च्या सुमारास माइल्सच्या मुद्रणाला हॅनकॉक पोहोचला तर तेथे पियानोच नव्हता. कोपऱ्यात फेंडर ऱ्होड्स हा विद्युत-पियानो होता. ज्याला तो खेळणे समजत आला होता त्या वाद्याचा आवाज त्याला आवडून गेला. म्हणजे विद्युत-वाद्य हाती आले ते जॅझच्या गाभाऱ्यातच. १९६९ ची 'फॅट अल्बर्ट रोटुंडा' ही ध्वनिमुद्रिका, दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्रपटासाठी केलेल्या संगीतातून सिद्ध झालेली, उघडउघड ऱ्हिदम अँड ब्लूजच्या वळणाची आहे. आणि त्यानंतर, फंककडे सरळ न जाता, हॅनकॉक अगदी उलट दिशेने गेला : 'म्वांदिशी' (१९७१), 'क्रॉसिंग्ज' (१९७२) आणि 'सेक्स्टंट' (१९७३) या तीन ध्वनिमुद्रिकांतील मुक्त, दीर्घ, बहुधा कोणत्याच ठरीव आकाराला न बांधलेले संगीत. बाजाराकडे तोंड केलेला मनुष्य या वाटेने जात नाही.

या काळात षट्काच्या सर्व सभासदांनी स्वाहिली नावे धारण केली होती. नामांतर हा शब्द मराठवाड्याच्या इतिहासानंतर मराठी वाचकाला नुसता शब्द राहिलेला नाही; नावात काय आहे हे आपल्याला नव्याने सांगावयास नको. कवी लीरॉय जोन्स अमिरी बराका झाला होता, आणि स्वाहिली नावांची ही प्रथा ज्या सांस्कृतिक राष्ट्रवादातून आली, त्याच्याशी संबंधित असलेल्या जेम्स मटुमे याने हॅनकॉकला त्याचे नाव दिले. ते नाव 'म्वांदिशी'. त्याचा अर्थ लेखक, रचनाकार. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्यांचे पूर्वज बहुसंख्येने पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले. स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेची भाषा. म्हणजे हे नाते रक्ताच्या वंशावळीतून आलेले नव्हे, निवडलेले आहे. हा मुद्दा येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे बाटलीपाशी तो परत येणार आहे. 'म्वांदिशी'मधली पहिली रचना अँजेला डेव्हिसला उद्देशून आहे, त्याआधीची १९६९ ची 'द प्रिझनर' मार्टिन ल्यूथर किंगच्या स्मृतीला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने ज्या चळवळीचे नाव आपले मानले, तिच्याच काळाची ही हवा. आपल्याकडे कृष्णवर्णीय अमेरिकेची चर्चा झाली ती मुख्यतः कविता आणि आत्मकथन यांच्या अंगाने. संगीताकडे आपण जवळजवळ पाठच केली.

'क्रॉसिंग्ज'पासून सिंथेसायझर वाजविणारा पॅट्रिक ग्लीसन हा पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत इंग्रजी साहित्याचा अध्यापक होता, ही गोष्ट आपल्यासारख्यांना गमतीची वाटेल. अधिक गंभीर गोष्ट अशी, की या प्रायोगिक षट्काचा तोटा हॅनकॉक भरून काढीत होता तो आपल्या रचनांच्या मानधनातून, आणि त्या रचनांत सर्वांत कमावती होती ती 'वॉटरमेलन मॅन'. ज्याला आपण निखळ प्रायोगिक म्हणतो त्याचा खर्च एका लोकप्रिय चालीने चालविला होता. प्रायोगिक आणि व्यावसायिक असे दोन कप्पे करून मूल्यनिर्णय देणाऱ्या समीक्षेने, आपल्या रंगभूमीविषयीच्या समीक्षेनेही, या जमाखर्चाकडे एकदा पाहावे.

१९७३ मध्ये षट्क मोडले. तोटा हे एक कारण होतेच. दुसरे कारण हॅनकॉकने पुढे सांगितले ते असे, की इतका काळ वरच्या हवेत तरंगल्यावर जमिनीची ओढ वाटू लागली. बासवादक बस्टर विल्यम्समुळे १९७२ पासून तो निचिरेन परंपरेचा बौद्ध झाला होता; नामजप करीत असता स्लाय स्टोनचे फंक गाणे मनात घुमू लागले आणि आपल्याला असे काही वाजवावयाचे आहे ही इच्छा स्पष्ट झाली, असे तो सांगतो. या इच्छेशी झगडताना त्याला स्वतःमध्ये फंकविषयीची एक तुच्छता आढळली, हा त्याच्या कथनातला मला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. जे रसिक पुढे त्याला तुच्छ लेखणार होते त्यांचा न्याय त्याच्या आतच बसलेला होता.

'हेड हंटर्स' ऑक्टोबर १९७३ मध्ये आली. चार रचना, एक्केचाळीस मिनिटांच्या आसपास. जुन्या षट्कातून फक्त बेनी मॉपिन हा वाऱ्याची वाद्ये वाजविणारा कलावंत सोबत राहिला. बासवर पॉल जॅक्सन, ड्रम्सवर हार्वी मेसन आणि आफ्रिकन तालवाद्यांवर बिल समर्स हे नवे. फंक संगीतात जी गिटार अपरिहार्य समजली जाते ती येथे नाही. तिचे काम हॅनकॉकच्या डाव्या-उजव्या हाताखालचा क्लॅव्हिनेट करतो. बोटाने तार टोचावी तसा त्याचा आवाज. 'कमीलियन' ही पहिली रचना सुमारे पावणेसोळा मिनिटांची आहे. तिचा आरंभ आर्प ओडिसी या सिंथेसायझरवरच्या बासच्या एका बंधाने होतो आणि हा बंध परत परत येत राहतो. स्वरसंवादाच्या दृष्टीने पाहिले तर येथे दोन कॉर्ड आलटून पालटून येतात, एवढेच.

जॅझच्या रूढ मापाने हे दारिद्र्य होय. बीबॉपनंतरच्या जॅझमध्ये रचनेची बुद्धिमत्ता प्रकट होते ती कॉर्डच्या बदलत्या मालिकेत. वादकाने ती मालिका ओलांडताना काय केले यात त्याचे कर्तृत्व. 'कमीलियन'मध्ये मालिकाच काढून घेतली आहे. मग घडते ते कोठे? घडते ते एकाच बंधाच्या आत : ड्रम्सचा आघात किती उशिरा पडतो, क्लॅव्हिनेट बासच्या कोणत्या रिकाम्या जागेत शिरतो, कोण केव्हा गप्प बसतो. फंकचे वादक याला ग्रूव्ह म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ खाच, खोबण. ध्वनिमुद्रिकेवर सुई जिच्यातून फिरते त्या खाचेलाही तोच शब्द आहे. आवर्तन ही कल्पना रक्तात असलेल्या मराठी श्रोत्याला एकच बंध फिरत राहणे म्हणजे काहीच न घडणे असे वाटण्याचे कारण नाही. ठेका बदलत नाही म्हणून ख्याल निश्चल आहे असे आपण म्हणत नाही. तुलना यापुढे ताणू नये. ख्यालात ठेका आधार असतो आणि गायक नायक. 'कमीलियन'मध्ये आधारच नायक आहे. एकलवादन आहे, तेही उत्तम आहे, पण ते आधारातून उगवते आणि त्यातच विरते.

याचा एक परिणाम कर्तृत्वाच्या कल्पनेवर होतो. 'कमीलियन'चे रचनाकार म्हणून हॅनकॉक, जॅक्सन, मेसन आणि मॉपिन अशी चार नावे आहेत. ज्याचे नावच 'लेखक' होते तो येथे चौघांपैकी एक झाला. रचना कागदावर आधी आणि वादन नंतर, हा क्रम मोडला. मुद्रणशाळेत एकत्र वाजविता वाजविता जे जमत गेले ते रचना ठरले. लेखकाच्या मृत्यूची बार्थप्रणीत घोषणा आपण पुष्कळ ऐकली आहे, पण ती बहुधा वाचकाच्या बाजूने. येथे लेखक आपल्या जागेवरून थोडा सरकून इतरांना जागा देतो, आणि हे मला त्या घोषणेपेक्षा अधिक रोचक वाटते.

व्हिक्टर मोस्कोसोने केलेले मुखपृष्ठही वाचण्यासारखे आहे. कळफलकासमोर बसलेल्या हॅनकॉकच्या चेहऱ्याच्या जागी मुखवटा आहे. आयव्हरी कोस्टमधील बाउले लोकांच्या एका मुखवट्यावर तो बेतलेला आहे. पण त्याच्या घडणीत ध्वनिफितीच्या यंत्राचे शीर्ष निश्चुंबक करण्याचे उपकरणही मिसळले आहे. 'हेड' म्हणजे मस्तक आणि 'हेड' म्हणजे यंत्राचे शीर्ष. आफ्रिका मागे आणि यंत्र पुढे, अशी जी कालरेषा वसाहतवादी विचाराने आखली, ती या चित्रात एका चेहऱ्यावर दुमडली जाते. अभियांत्रिकी शिकलेल्या कृष्णवर्णीय कलावंताला यंत्र हे गोऱ्या आधुनिकतेचे उसने लेणे वाटत नव्हते, हे लक्षात घ्यावयास हवे.

आता १९७३ चा कलिंगडवाला. ही मांडणी हार्वी मेसनची. लय संथ केली आहे, चालीतील वाक्ये तोडून त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली आहे. जुन्या मुद्रणात गाडी चालताना ऐकू येते. नव्यात ती गाडी ज्या रस्त्यावरून गेली तो रस्ताच जणू वाजतो. हेन्री लुई गेट्स याने १९८८ च्या आपल्या ग्रंथात कृष्णवर्णीय साहित्यपरंपरेचे सूत्र म्हणून सहेतुक फरकासह केलेल्या पुनरुक्तीची संकल्पना मांडली; तिची उदाहरणे देताना तो जॅझकडेही वळतो. गॅरी टॉमलिन्सनने १९९१ मध्ये तीच संकल्पना बाख्तिनशी जोडून माइल्सच्या विद्युत-संगीताची बाजू मांडली. हॅनकॉकने तर आपल्याच संहितेवर ही क्रिया केली आहे. आणि १९६६ मध्येच बराकाने, ऱ्हिदम अँड ब्लूज आणि नवे मुक्त जॅझ हे एकाच मुळाचे दोन धुमारे आहेत, असे ठामपणे लिहून ठेवले होते. १९६२ ची चाल लोकप्रिय 'असूनही' जॅझ होती असे आजवर म्हटले जाई. १९७३ नंतर ती ऐकताना तिच्यातला फंक आधीपासून तेथे दबा धरून होता असे वाटू लागते. श्टुटगार्टची कॉर्ड नंतरच्या स्वराने बरोबर ठरली, तसे काहीसे.

तरीही पुनरुक्तीच्या या सिद्धान्ताची मला थोडी धास्ती वाटते. त्याच्या हाती प्रत्येक प्रकारांतर समर्थनीय ठरते; मग निवड करावयास समीक्षकाची गरज उरत नाही. हॅनकॉकच्या पुढच्या सर्वच ध्वनिमुद्रिका एका मापाच्या नाहीत. १९७४ ची 'थ्रस्ट' ही माझ्या मते 'हेड हंटर्स'पेक्षाही बांधेसूद आहे. १९७८ च्या 'सनलाइट'मध्ये व्होकोडर या यंत्रातून तो स्वतः गातो. त्यात कुतूहल आहे. त्यानंतरच्या काही डिस्को-वळणाच्या ध्वनिमुद्रिका मात्र कोरड्या आहेत, आणि त्या कोरड्या आहेत त्या लोकप्रियतेच्या हेतूमुळे नव्हे. 'हेड हंटर्स' हीही विकली जावी अशीच इच्छा होती, ती विकलीही गेली, आणि १९८६ मध्ये तिला दहा लाख प्रतींच्या विक्रीचे प्रमाणपत्र मिळाले. नंतरच्या ध्वनिमुद्रिकांत आधार ठरून गेलेला आहे. कुणी कुणाचे ऐकून काही बदलत नाही. फरक प्रकारात नाही, संवादात आहे.

२८ फेब्रुवारी १९८४ च्या ग्रॅमी समारंभात हा सर्व वाद एका रात्रीत दिसला. बिल लॅस्वेल आणि मायकेल बाइनहॉर्न यांच्याबरोबर केलेल्या, ग्रँड मिक्सर डीएसटी याने ध्वनिमुद्रिका घासून काढलेल्या आवाजांनी गाजलेल्या 'रॉकइट'साठी हॅनकॉकला ऱ्हिदम अँड ब्लूजच्या वर्गात पुरस्कार मिळाला. आणि त्याच रात्री विंटन मार्सालिस या तरुण ट्रम्पेटवादकाला जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात अशा दोन्ही वर्गांत. हाच मार्सालिस तीन वर्षांपूर्वी हॅनकॉकच्या चौकडीत वाजवीत होता. १९८५ मध्ये एका संगीतविषयक मासिकाने दोघांना समोरासमोर बसविले. मार्सालिसचा आग्रह असा, की कृष्णवर्णीयांची कला क्षणिक बाजारू अभिरुचीपासून वाचविणे हे कर्तव्य आहे. या भूमिकेची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ज्या समाजाच्या कलेला सतत करमणूक म्हणूनच वागविले गेले, त्याच्या वतीने 'अभिजात' हा शब्द मागणे हा केवळ कर्मठपणा नव्हे. त्याची चूक असलीच तर ती अशी, की अभिजात ठरविण्याची कसोटी त्याने ज्यांच्याकडून ही मान्यता मागितली त्यांचीच स्वीकारली.

मान्यता हॅनकॉकलाही मिळाली, आणि ती मिळाली तेव्हा प्रकाराचा प्रश्न जवळजवळ विसरला गेला होता. २००७ साली 'हेड हंटर्स' अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत समाविष्ट झाली. २०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्याला नॉर्टन व्याख्याने देण्यास बोलाविले. हे अध्यासन काव्याचे. १९३२-३३ मध्ये एलियटने त्यावरून काव्य आणि समीक्षा यांच्या उपयोगावर व्याख्याने दिली होती. हॅनकॉकच्या सहा व्याख्यानांचा विषय होता जॅझचे नीतिशास्त्र, आणि पहिले व्याख्यान माइल्स डेव्हिसच्या शहाणपणावर.

नीतिशास्त्राचा प्रश्न मात्र त्या बाटलीत तसाच राहिला आहे. बिल समर्सने बीअरच्या बाटलीत फुंकून जो आरंभ केला, तो त्याच्या स्वतःच्या कल्पनेतून आलेला नव्हता. मध्य आफ्रिकेतील बाबेन्झेले पिग्मींच्या संगीताची, सिम्हा आरोम आणि झनव्हिएव्ह तोरेल यांनी ध्वनिमुद्रित केलेली ध्वनिमुद्रिका १९६६ मध्ये युनेस्कोच्या मालिकेत निघाली होती. तिच्यात हिंदेहू नावाचे वादन आहे : पपईच्या पोकळ दांड्याच्या शिट्टीचा एकच स्वर आणि गळ्यातले स्वर आळीपाळीने काढून केलेले, शिकारीहून परतल्याची वार्ता देणारे. समर्सने ते ऐकले आणि शिट्टीच्या जागी बाटली आणली. मानववंशशास्त्रज्ञ स्टीव्हन फेल्ड याने पुढे हॅनकॉकला याविषयी विचारले तेव्हा त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की ही भावाभावांमधली बाब आहे; तेथे जाऊन परवानगी मागण्याची गरज नाही.

हे उत्तर निर्लज्ज म्हणून झटकणे अन्यायाचे होईल. ज्याला कुळ, भाषा, गाव सारे हिरावून घेऊन उभे केले, त्याने आफ्रिकेला भाऊ म्हणणे ही सवलत नव्हे, तो दावा आहे. म्वांदिशी हे नाव त्याच दाव्यातून आले. पण निवडलेल्या नात्याला दुसऱ्या बाजूची संमती लागते. वर्गात हा भाग शिकविताना मी अनेक वर्षे पहिल्या वाक्यावर थांबत असे. आता थांबवत नाही, कारण अधिकारांची नोंद पाहिली की भावकीचे चित्र बदलते. चाल हॅनकॉकची, अधिकार हॅनकॉकचे, मेसनचे नाव मांडणीसाठी, बाटली समर्सची. १९९४ मध्ये मॅडोनाने आपल्या 'सँक्चुअरी' या गाण्यात १९७३ च्या मुद्रणाचा तुकडा वापरला, आणि गाण्याच्या रचनाकारांत रीतसर हर्बी हॅनकॉक हे नाव आले. डोनाल्ड बर्डने १९६२ मध्ये दिलेला सल्ला बत्तीस वर्षांनंतरही कामी आला. शिकारीहून परतणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव त्या यादीत नाही.